चढ, उतार आणि घड्याळ

पूर्वी शर्यतीहून परतलेल्या मुलाला घरची माणसे एकच प्रश्न विचारीत, 'कितवा आलास?' बाप फारच चौकस असला तर तो पुढे विचारी, 'किती वेळात?' धावण्याचा हिशेब या दोन प्रश्नांपलीकडे जात नसे. आज आमच्या धर्मग्रामातील तरुण रविवारची मिस्सा आटोपल्यावर आवारातील वडाखाली उभे राहून जी चर्चा करतात, ती ऐकली म्हणजे हा हिशेब किती गुंतागुंतीचा झाला आहे हे ध्यानात येते. एकाच धावेचे तीन निरनिराळे वेग ते एकमेकांना दाखवीत असतात. एक वेग नुसता, दुसरा थांबे वगळून आणि तिसरा चढउतार जमेस धरून. तिन्ही आकडे एकाच मोबाईलमधले, एकाच सकाळचे आणि एकाच दोन पायांचे!

वेगाला ही मंडळी 'पेस' म्हणतात. ताशी किती किलोमीटर असे न सांगता एक किलोमीटरला किती मिनिटे लागली असे ती सांगतात. आकडा जितका लहान तितका धावणारा चपळ. आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडल्यानंतर डॉक्टरांच्या आग्रहास्तव पहाटे घराबाहेर पडू लागलो. धावतो म्हणण्यापेक्षा झपझप चालतो आणि मधूनमधून धावतो, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. खिशातला मोबाईल आमच्याही नोंदी ठेवतो. त्यामुळे या तीन आकड्यांचे मूळ शोधण्याची उत्सुकता आम्हांला लागून राहिली. हा केवळ हौशी लोकांचा विषय असता, तर त्रैमासिकाची ही पाने आम्ही अडविली नसती. परंतु या आकड्यांवर विसंबून माणसे निर्णय घेतात, आशा बांधतात आणि कधी निराशही होतात. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून हा हिशेब आमच्याबरोबर तपासावा.

चढाचा हिशेब करण्याची इच्छा मोबाईलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगर चालणाऱ्यांसाठी एक साधा नियम सांगितला होता. दर तीन मैलांस एक तास धरावा आणि चढलेल्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास मिळवावा. याचा अर्थ असा, की एक फूट वर चढणे हे वेळेच्या दृष्टीने सुमारे आठ फूट आडवे चालण्यासारखे आहे. हा नियम आजही डोंगरवाटांवर वापरला जातो. अलीकडची ॲप्स जे करतात ते तत्त्वतः याहून वेगळे नाही. ती हा हिशेब सबंध वाटेचा एकदम न करता पावलापावलाने करतात, एवढेच.

आता मोबाईलला आपली वाट कळते कशी ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह संकेत पाठवीत असतात. ते संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून मोबाईल आपले ठिकाण ठरवितो. मे २००० पर्यंत अमेरिकी शासन नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम त्रुटी ठेवीत असे. ती काढून टाकल्यावरच सामान्य माणसाच्या खिशातले हे मोजमाप विश्वासार्ह झाले. मोबाईल दर सेकंदाला किंवा दर काही सेकंदांनी एक बिंदू नोंदवितो, दोन बिंदूंमधले अंतर काढतो आणि अशा शेकडो लहान तुकड्यांची बेरीज करतो.

अंतर बऱ्यापैकी मिळते. उंची मात्र तितक्या सहजासहजी मिळत नाही. मोबाईलला संकेत देणारे सर्व उपग्रह आपल्या डोक्यावरच्या आकाशात असतात, पायांखाली एकही नसतो. त्यामुळे आडव्या मापापेक्षा उभ्या मापात चूक अधिक होते. शंभर मीटरच्या तुकड्यात उंची केवळ तीन मीटरने चुकली, तर अगदी सपाट रस्त्यावर तीन टक्क्यांचा चढ उभा राहतो! काही घड्याळांत आणि मोबाईलमध्ये हवेचा दाब मोजणारे यंत्र असते. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेले की दाब एक मिलिबारने उतरतो, त्यावरून उंचीचा बदल बारकाईने कळतो. पण पावसाळी हवेत दाब आपणहून खालीवर होतो, तेव्हा या यंत्राचीही फसगत होते. ज्या उपकरणात हे यंत्र नाही, त्याच्या नोंदींसाठी उंची नकाशावरून घेतली जाते. नकाशात पुलाखालच्या जमिनीची उंची नोंदलेली असेल, तर पुलाचा चढ हिशेबातून नाहीसा होतो. आमच्या वसईच्या सपाट पट्टीत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना रेल्वेवरचा पूल हाच काय तो चढ. तोच गळाला, तर धावणाऱ्याने तक्रार कोणाकडे करावी?

यावर उपाय म्हणून ॲप उंचीच्या वेड्यावाकड्या रेषेवरून जणू रंधा फिरविते. रंधा कमी फिरला तर सपाट रस्ता डोंगराळ होतो, अधिक फिरला तर लहानसहान चढ सपाट होतात. म्हणूनच एकाच वाटेवर शेजारी शेजारी धावलेल्या दोघांच्या मोबाईलमध्ये चढाचे आकडे जुळत नाहीत.

उंची मिळाली की पुढचा प्रश्न येतो, चढाला किंमत किती द्यायची? सपाटीवर धावताना एक किलो वजन एक किलोमीटर नेण्यास साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा लागते, हळू धावा की जलद, त्यात फारसा फरक पडत नाही, ही गोष्ट इटलीचे शास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली होती. त्याच परंपरेतील अल्बेर्तो मिनेत्ती यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चढउताराचे कोष्टक सिद्ध केले. डोंगरात धावण्यात तरबेज अशा दहा जणांना त्यांनी कलत्या सरकपट्ट्यावर चालविले आणि पळविले. शंभर मीटरला पंचेचाळीस मीटर इतका खडा चढ आणि तितकाच उतारही त्यांनी तपासला. श्वासातून किती प्राणवायू खर्च झाला, यावरून ऊर्जेचा हिशेब मांडला.

त्यांच्या सूत्राप्रमाणे सपाटीवरील खर्च एक रुपया धरला, तर पाच टक्क्यांच्या चढावर तो सुमारे एक रुपया तीस पैसे होतो आणि दहा टक्क्यांवर एक रुपया सहासष्ट पैसे. पाच टक्क्यांच्या उतारावर तो शहात्तर पैशांवर येतो आणि दहा टक्क्यांवर साठ पैशांवर. वीस टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत कमी, म्हणजे सुमारे निम्मा असतो. त्याहून खडा उतार आला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण आता पायांना धावण्यापेक्षा शरीराला आवरून धरण्याचेच काम अधिक पडते.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. पाच टक्क्यांचा एक किलोमीटर चढलात आणि तोच उतरलात, तर खर्च एक रुपया तीस अधिक शहात्तर पैसे, म्हणजे दोन रुपये सहा पैसे झाला. सपाटीवर दोनच रुपये लागले असते. दहा टक्क्यांच्या चढउतारावर दोन रुपये सव्वीस पैसे लागतात. चढाने घेतलेले उतार पूर्णपणे परत करीत नाही. 'चढताना गेले ते उतरताना वसूल होईल' असे जे आपण सहज बोलून जातो, ते शरीराच्या वहीत खरे ठरत नाही. साताऱ्याला २०१२ पासून भरणाऱ्या डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये जाताना यवतेश्वरचा घाट चढावा लागतो आणि येताना तोच उतरावा लागतो. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण एकाच उंचीवर असूनही ती धाव सपाटीवरच्या एकवीस किलोमीटरांसारखी का नसते, याचे उत्तर या दोन ओळींच्या हिशेबात आहे.

ॲप हेच कोष्टक प्रत्येक लहान तुकड्याला लावते. समजा, पाच टक्क्यांच्या चढावर एक किलोमीटरला सात मिनिटे लागली. ॲप म्हणते, हा किलोमीटर सपाटीवरच्या एक दशांश तीन किलोमीटरइतका आहे. भागाकार केला की वेग ५ मिनिटे २३ सेकंद निघतो. परतताना तोच किलोमीटर पाच मिनिटांत उतरलात, तर त्याचा सपाटीचा वेग सुमारे ६ मिनिटे ३५ सेकंद दाखविला जातो. चढावर धापा टाकणारा माणूस येथे शाबासकी मिळवितो आणि उतारावर वाऱ्यासारखा सुटलेला ऐटबाज माणूस जमिनीवर येतो!

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना या हिशेबाने मोठा आधार दिला. हृदयाच्या दुखण्यातून बरे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना, दम लागू न देता हळूहळू धावण्याची मुभा दिली होती. गृहस्थ शिस्तीचे. सपाटीवर किलोमीटरला आठ मिनिटे हा त्यांचा नेम. तुंगारेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यावरही ते आठ मिनिटांचा हट्ट धरीत आणि छातीवर हात ठेवून थांबत. त्यांच्या सूनबाईंनी एके दिवशी त्यांना घड्याळातला तिसरा आकडा दाखविला. पाच टक्क्यांच्या चढावर आठ मिनिटांचा श्रम म्हणजे प्रत्यक्षात दहा मिनिटे चोवीस सेकंदांची चाल. आम्हांला भेटले तेव्हा म्हणाले, "फादर, इतकी वर्षे लोकांच्या कर्जाचे हप्ते त्यांची ऐपत बघून ठरवले आणि स्वतःच्या हृदयाला मात्र सवलत द्यायला तयार नव्हतो." त्या दिवसापासून ते चढावर संथ झाले. वेग कमी होणे म्हणजे प्रयत्न कमी होणे नव्हे, ही गोष्ट उपदेशाने पटली नसती ती एका भागाकाराने पटली.

तथापि या कोष्टकालाही मर्यादा आहेत. मिनेत्तींचे धावपटू डोंगरातले कसलेले गडी होते आणि सरकपट्ट्यावर खडे, चिखल किंवा वळणे नव्हती. 'स्ट्राव्हा' या २००९ साली सुरू झालेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपने २०१७ साली आपल्या हिशेबाची पुनर्रचना केली. प्रयोगशाळेतील आकड्यांऐवजी असंख्य धावणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी त्यांनी आधाराला घेतल्या. तेव्हा दिसून आले, की सामान्य माणसाला उतारापासून मिळणारा लाभ प्रयोगशाळेने सांगितला त्यापेक्षा बराच कमी आहे. नऊ-दहा टक्क्यांच्या उतारापर्यंत तो वाढतो, पुढे पावले जपून टाकावी लागतात आणि लाभ घटू लागतो. शिवाय दगडधोंड्यांची पायवाट, ऊन, मे महिन्याचा घाम किंवा समोरून येणारा खारा वारा यांची दखल हा आकडा घेत नाही. तो केवळ चढउतारच जाणतो.

शर्यती भरविणाऱ्यांनी या पेचातून निराळा मार्ग काढला आहे. ते वेळेत दुरुस्ती करीत नाहीत, वाटेलाच अटी घालतात. रस्त्यावरील विश्वविक्रमासाठी वाटेची एकूण उतरण दर किलोमीटरला एक मीटरहून अधिक असता कामा नये, तसेच आरंभ आणि शेवट यांमधले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे. अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉन १८९७ पासून धावली जाते. तिचा शेवट आरंभापेक्षा सुमारे १४० मीटर खाली आहे. शेवटच्या टप्प्यात दमलेल्यांची परीक्षा पाहणारी, 'हृदयभंगाची टेकडी' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध असलेली टेकडी तिथे आहे, तरीही एकूण वाट उतरतीच. २०११ साली केनियाच्या जेफ्री मुताई याने तिथे २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही वेळ दिली. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा ती सत्तावन्न सेकंदांनी सरस होती आणि त्या दिवशी वाराही पाठीशी होता. शर्यत त्याने जिंकली, परंतु विश्वविक्रम म्हणून ती वेळ मान्य झाली नाही. 'इतका उतार वजा करून याला इतका वेळ देऊ' असे कोणी म्हटले नाही. अंदाजाने श्रमाची कल्पना येते, विक्रम मात्र अंदाजावर लिहीत नाहीत.

आता थांब्यांकडे वळू. येथे विज्ञान कमी आणि मनुष्यस्वभाव अधिक आहे. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा वेळ हा एक काळ आणि त्यातून उभे राहिल्याचे क्षण वजा केले की उरतो तो दुसरा. समजा, पाच किलोमीटर प्रत्यक्ष धावण्यास पंचवीस मिनिटे लागली आणि वाटेत दीड दीड मिनिटाचे चार थांबे झाले. थांबे वगळून वेग पाच मिनिटे, थांबे धरून ६ मिनिटे १२ सेकंद. एका किलोमीटरमागे सव्वा मिनिटाच्या जवळपास फरक! पाय थांबल्याचे ॲपला हालचाल ओळखणाऱ्या यंत्रावरून किंवा जागा न बदलल्यावरून कळते. त्यातही गोंधळ होतो. उंच इमारतींच्या जवळ उभे राहिलात, तर संकेत भिंतींवरून परावर्तित होतात आणि आपण जागच्या जागी असताना मोबाईल आपल्याला इकडेतिकडे हिंडवून आणतो. स्ट्राव्हावर रोजच्या धावेचा वेग थांबे वगळून दाखवितात. तीच धाव 'शर्यत' म्हणून नोंदविली, तर थांबे धरून. नियम ठाऊक असला तर दोन्ही रास्त आहेत.

नियम ठाऊक नसला तर काय होते, ते एका माऊलीच्या डोळ्यांत आम्ही पाहिले. तिचा मुलगा गणवेशाच्या नोकरीसाठी तयारी करीत होता. सोळाशे मीटरची धाव ही त्या भरतीतील महत्त्वाची पायरी. पोरगा कष्टाळू, पहाटे भाजीची पाटी बाजारात पोहोचवून मग धावायचा. घरापासून ठरावीक वाटेवर त्याने सोळाशे मीटर मापून ठेवले होते. त्याच्या मोबाईलवर ५ मिनिटे २० सेकंद ही वेळ नेमाने येत असे. भरतीच्या मैदानावर मात्र त्याची वेळ ५ मिनिटे ५० सेकंद भरली आणि यादीत त्याचे नाव लागले नाही. दुसऱ्या दिवशी माऊली मोबाईल घेऊन आमच्याकडे आली. मैदानावरचे घड्याळ बिघडलेले होते, असा तक्रार अर्ज आम्ही लिहून द्यावा, अशी तिची विनंती होती.

आम्ही मुलाला बोलावून त्याच्या नोंदी उघडावयास सांगितल्या. त्याच्या वाटेवर एक चौक लागतो आणि पुढे एस. टी. वळण्याची जागा. एका ठिकाणी चाळीस सेकंद, दुसऱ्या ठिकाणी तीस सेकंद तो रोज उभा राहत असे. ॲप ही सत्तर सेकंदे गाळीत असे. सर्व वेळ धरला, तर सहा मिनिटे तीस सेकंद भरत होती.

"फादर, म्हणजे मोबाईल खोटं बोलतो का?" माऊलीने विचारले.

"बाई, मोबाईल खोटे बोलत नाही," आम्ही म्हणालो. "तुमचा मुलगा चालू असताना किती वेगाने धावला, एवढेच तो सांगतो. न थांबता सोळाशे मीटर किती वेळात जाईल, हे त्याला कोणी विचारलेलेच नाही."

येथे ध्यानात घेण्याजोगे असे, की मैदानावरची वेळ मोबाईलच्या दोन्ही आकड्यांशी जुळली नव्हती. ती त्यांच्या मधली होती. विश्रांतीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच श्वास खाली येतो, स्नायूंना पुष्कळसे बळ परत मिळते आणि पुढचा तुकडा ताज्या दमाने धावता येतो. ॲप ती विश्रांती गाळते, पण विश्रांतीने दिलेला जोम ठेवून घेते. म्हणून थांबे वगळलेला वेग माणसाची खुशामत करतो. उलट सर्व वेळ धरलेला वेग त्याच्यावर अन्याय करतो, कारण चौकातली वाहने काही त्याच्या आळसामुळे आलेली नसतात. अर्ज लिहिला गेला नाही. मुलगा आता शाळेच्या मैदानावर साध्या मनगटी घड्याळाने फेऱ्या मोजतो. पुढची भरती अजून व्हायची आहे. गेल्या आठवड्यात त्याची वेळ न थांबता ५ मिनिटे ३७ सेकंद होती.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना वादविवादात एक लॅटिन शब्द वारंवार कानी पडे, 'दिस्तिंग्वो', म्हणजे 'मी भेद करतो'. प्रतिपक्षाचे विधान सरसकट खोडून काढू नये आणि सरसकट मान्यही करू नये. ते कोणत्या अर्थाने खरे व कोणत्या अर्थाने नाही, हे वेगळे करून दाखवावे, अशी ती शिस्त. धावण्याच्या या तीन आकड्यांना तीच लागू पडते. श्रम किती झाले, हे जाणण्यासाठी चढउतार धरलेला आकडा पाहावा. पायांत आज किती चपळाई होती, हे कळण्यासाठी थांबे वगळलेला पाहावा. ठरल्या ठिकाणी केव्हा पोहोचलो, यासाठी मात्र सर्व वेळ धरलेलाच पाहावा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले, की प्रामाणिक यंत्रातूनही फसवणूक निघते.

जून महिन्यात मुलांच्या गुणपत्रिका घेऊन पालक आमच्याकडे येतात, तेव्हा हा भेद आम्हांला विशेष आठवतो. शेजारच्या मुलाचे टक्के आणि आपल्या मुलीचे टक्के यांची तुलना भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात चाललेली असते. आजीच्या आजारपणात घर सांभाळून शिकलेल्या मुलीच्या गुणपत्रिकेवर तिचा चढ छापलेला नसतो. तो घरच्यांनी वाचावयाचा असतो. परंतु तो वाचला म्हणून प्रवेशाची यादी बदलत नाही, हेही तिला मायेने आणि वेळीच सांगावे लागते. यांपैकी एकच बोलणारे पालक मुलाला एकतर खचवितात किंवा फसवितात.

आमच्या धर्मग्रामाच्या वार्षिक दौडीसाठी युवक मंडळाने यंदा नियम लिहून काढले, तेव्हा कोणता वेग धरावा यावर तास-दीड तास चर्चा झाली. अखेर ठरले ते असे : फलकावर प्रत्येकाची शिटीपासून शेवटच्या रेषेपर्यंतची वेळ लागेल, वाटेत पाणी पिण्यास थांबलेला वेळही त्यात धरला जाईल. रेल्वेपुलाचा चढ कोणाला किती जड गेला, हे ज्याने त्याने आपल्या मोबाईलमध्ये पाहावे. बँकेतील ते निवृत्त गृहस्थही नाव नोंदवून गेले आहेत. पुलावर आपण चालणार आहोत, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.